भाग ४१ : स्कूटरचा बेल्ट नुसता बसून चालत नाही

[या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे. कंसातल्या वेळा ऑडिओतल्या आहेत.]

(००:००) पवनी रोडवरची संध्याकाळ



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडी चालू आहे, पण पुढे जात नाहीये." पवनी रोडवर होत्या. मागच्या सीटवर सात वर्षांचा पुतण्या, पायाशी किराण्याची पिशवी, वरून रिमझिम. एक्सलेटर पिळला की इंजिन ओरडायचं, चाक मात्र ढिम्म. मी पोचेपर्यंत त्या दोघांनी दोन-अडीच किलोमीटर गाडी ढकलत आणली होती. अंधार पडलेला, रस्त्याला खांदा नाही, आणि बाजूने ट्रक जात होते. पुतण्या ट्रकच्या बाजूने चालत होता. ते दृश्य काही डोळ्यांसमोरून जात नाही.

बेल्ट तुटला होता. चारच महिन्यांपूर्वी टाकलेला. आणि मंडळी, तो बेल्ट मीच आणून दिला होता. "पूर्ण किट आहे, बेल्ट, रोलर, क्लच शू, सगळं एका डब्यात, कंपनीपेक्षा स्वस्त." मी खूश. दुकानाचं नाव घेत नाही, कारण दुकानाची चूक जेवढी होती तेवढीच माझीही होती. मी एकच प्रश्न विचारला होता, "या गाडीला बसेल ना?" त्याने सांगितलं, "बसेल." आणि तो बसलाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी पेटी उघडली. आतून काळी भुकटी आणि दोऱ्यांचा गुंताळा निघाला. ते बघून म्हणाले, "बसला तं होता भाऊ, पन जुळला नव्हता जी."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे. बाजारातून बेल्ट किंवा बेल्टचं किट घ्यायचं तर काय बघायचं, काय विचारायचं आणि कशाला नाही म्हणायचं.

(०३:२०) पेटीच्या आत काय चालतं?

गिअर नसलेली स्कूटर म्हणजे गिअर नसतातच असं नाही. गिअरचं काम बेल्ट करतो. डाव्या बाजूला जी लांबट पेटी दिसते, तिच्यात दोन पुल्या असतात. पुढची इंजिनला जोडलेली, मागची चाकाच्या बाजूला. दोघींमध्ये हा रबरी पट्टा फिरतो.

गंमत पुल्यांत आहे. प्रत्येक पुली दोन ताटल्यांची बनलेली असते आणि त्या ताटल्या जवळ-लांब होऊ शकतात. ताटल्या लांब गेल्या की बेल्ट आत, मध्याकडे सरकतो. जवळ आल्या की बेल्ट बाहेर, कडेकडे ढकलला जातो. गाडी निघते तेव्हा पुढच्या पुलीवर बेल्ट आतल्या लहान वर्तुळात असतो आणि मागच्या पुलीवर बाहेरच्या मोठ्या वर्तुळात. हा झाला पहिला गिअर. वेग वाढला की उलटं होतं, पुढे मोठं वर्तुळ, मागे लहान. हा झाला टॉप गिअर. मधले टप्पे वेगळे नाहीत, सगळं सलग.

हे घडवतं कोण? पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, लहान गोल वजनं असतात. त्यांना रोलर म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि ताटलीला दाबतात. मागच्या पुलीत एक दणकट स्प्रिंग असते, ती विरुद्ध दाब देते. पुढे रोलर, मागे स्प्रिंग, आणि या रस्सीखेचीत मधला दोर म्हणजे आपला बेल्ट. शेवटी क्लच. इंजिनाने वेग घेतला की क्लचचे शू बाहेर पसरून भोवतीच्या भांड्याला धरतात आणि चाक फिरायला लागतं.

ही कल्पना जुनी आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी बेल्टवर चालणारी छोटी मोटार लोकांसमोर आणली. ती मागेही पुढच्याच वेगाने पळू शकायची! आपल्याकडे १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली आणि पाय न आपटता, गिअर न टाकता स्कूटर चालू लागली. पुढे २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. आज भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी, कुठल्याही रस्त्यावर सकाळी नऊला उभे राहा. शिक्षिका, नर्स, अंगणवाडीच्या ताई, कॉलेजच्या मुली सगळ्या याच पट्ट्यावर कामाला जातात. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

(०७:४५) धान गिरणीवाला दुकानात काय मागतो?

आपला जिल्हा धानाचा. राईस मिल तुम्ही पाहिली असेल. तिथे मोटरपासून यंत्रापर्यंत चार-चार, पाच-पाच बेल्ट एका रांगेत फिरतात. मिलवाला दुकानात जाऊन "मिलचा बेल्ट द्या" असं कधी म्हणतो का? तो म्हणतो, "बी पंच्याहत्तर द्या." बी म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी ठरलेली, पंच्याहत्तर म्हणजे आतली लांबी ७५ इंच. आणि रांगेतला एक तुटला तरी तो सगळे बदलतो. जुने ताणलेले आणि नवा कोरा एकत्र चालवले तर सगळा भार नव्यावर येतो, हे त्याला ठाऊक असतं.

आणि आपण स्कूटरवाले? "अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट द्या." आता अ‍ॅक्टिव्हा एकच आहे का? सुरुवातीची वेगळी, नंतरची ११० सीसीची वेगळी, २०१४ मध्ये आलेली १२५ वेगळी, बीएस-६ ची आणखी वेगळी. नाव एक म्हणून बेल्ट एक असं धरू नका. बाकीच्या कंपन्यांच्या गाड्यांचंही तेच.

तर पहिला नियम. दुकानात गाडीचं नाव नाही, पार्ट नंबर घेऊन जा. तो जुन्या बेल्टवर छापलेला असतो. पुसला गेला असेल तर गाडीचं नेमकं मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या. दुसऱ्या कंपनीचा बेल्ट घ्यायला हरकत नाही. बॅन्डो, मित्सुबोशी, गेट्स, फेनर या बेल्ट बनवणाऱ्याच कंपन्या आहेत. पण त्यांच्या डब्यावर किंवा यादीत तुमच्या गाडीचा मूळ पार्ट नंबर दिसला पाहिजे. "सगळ्या ११० ला चालतो" असं डब्यावर असेल तर तो डबा परत ठेवा.

(११:१०) तीन मापं

काही बेल्टवर थेट मापच छापलेलं असतं. उदाहरणार्थ, काही चिनी बनावटीच्या १५० सीसी इंजिनांच्या बेल्टवर '८४२-२०-३०' असतं. म्हणजे लांबी ८४२ मिलिमीटर, रुंदी २० मिलिमीटर, आणि कडांचा कोन ३० अंश. तिन्ही मापं महत्त्वाची का, ते बघू.

लांबी. थोडा लांब बेल्ट सैल राहतो, निघताना झटका देतो. थोडा आखूड बेल्ट मागच्या पुलीत पूर्ण वर चढत नाही, म्हणजे पहिला गिअर पूर्ण मिळत नाही. दोन माणसं आणि तांदळाचा कट्टा घेऊन चढ चढताना इंजिन जड होतं.

रुंदी. ही मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळली. बेल्ट पुलीला तळाने धरत नाही, कडांनी धरतो. पाचर बसावी तसा. कोन ३० अंश धरला आणि बेल्टची रुंदी फक्त १ मिलिमीटरने कमी झाली, तर तो पुलीत जवळजवळ २ मिलिमीटर खाली बसतो. म्हणूनच झिजलेल्या बेल्टची गाडी निघते बरी, पण वरचा वेग कमी होतो. पूर्वी ज्या आवाजात साठला जायची, त्याच आवाजात आता पन्नासला जाते. पेट्रोल तेवढंच, रस्ता कमी.

कोन. बेल्टची कड आणि पुलीचा उतार जुळले नाहीत तर बेल्ट पूर्ण कडेने न टेकता एका रेषेवर टेकतो. सगळा दाब त्या रेषेवर. तिथेच तापतो, तिथेच चकाकतो, तिथूनच सुटतो. वहिनींच्या गाडीत हेच झालं होतं. उरलेल्या तुकड्यांच्या कडा वरच्या अर्ध्या भागात आरशासारख्या चमकत होत्या आणि खालच्या अर्ध्या भागाला पुलीचा स्पर्शही झाला नव्हता. बसला होता, जुळला नव्हता.

हे दुकानात उभ्याउभ्या कळत नाही. म्हणूनच पार्ट नंबर. पण एक गोष्ट करता येते. जुना बेल्ट सोबत न्या. नवा आणि जुना कडेला कड लावून धरा. नवा थोडा रुंद असणारच, जुना झिजलेला आहे. पण दात्यांची संख्या, जाडी आणि कडेचा उतार वेगळा दिसला तर घेऊ नका.

दोऱ्यांबद्दलही विचारतात. बेल्टच्या पोटात लांबीने दोरे असतात, ताण तेच पेलतात. पॉलिएस्टरचे असतात किंवा अ‍ॅरमिडचे. अ‍ॅरमिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा, कमी ताणला जातो आणि उष्णता जास्त सोसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा फायदा खरा आहे. पण चुकीच्या मापाचा केव्हलार बेल्ट बरोबर मापाच्या साध्या बेल्टपेक्षा वाईटच.

(१५:५०) किटमधलं काय घ्यायचं, काय सोडायचं?

आता किटकडे येऊ. डब्यात साधारण हे असतं : बेल्ट, रोलरचा संच, ताटलीच्या सरकपट्ट्या, क्लच शू, कधी स्प्रिंगाही.

रोलर. बेल्टसोबत बदलण्यासारखी पहिली गोष्ट हीच. रोलर गोल असायला हवेत. झिजले की एका बाजूने चपटे होतात, आणि चपटा रोलर नीट सरकत नाही, अडकत-अडकत सरकतो. वेग वाढवताना गाडी मध्येच थबकल्यासारखी वाटते, पेटीतून खडखड येते. घेताना वजन बघा. ते ग्रॅममध्ये असतं आणि गाडीच्या मूळ वजनाएवढंच हवं. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच डब्यातले. मिलवाल्याचा नियम इथेही लागू.

सरकपट्ट्या. प्लास्टिकचे लहान तुकडे, स्वस्त. रोलरसोबत बदलून टाका.

क्लच शू. हे दरवेळी लागत नाहीत. निघताना गाडी थरथरत असेल किंवा शूचा थर मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेला असेल, तरच. नुसते चकाकले असतील तर मिस्त्री पॉलिश पेपरने घासून देतात, काम होतं.

पुलीच्या ताटल्या. या किटमध्ये नसतात, पण सगळ्यात आधी बघायच्या त्याच. बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर ठीक. पायरी किंवा खाच लागली तर त्या ताटलीवर कितीही महागडा बेल्ट टाका, ती त्याला खाणार. वहिनींच्या गाडीच्या पुढच्या ताटलीला नखाला लागेल एवढी पायरी होती. मी किट आणलं, पण ताटलीवर बोट फिरवून पाहिलं नव्हतं. मिस्त्रींचं म्हणणं असं, "पयले पुली पाहा, मंग बेल्टचा भाव इचारा."

(१९:३०) 'परफॉर्मन्स' किट आणि गुलमर्गची बर्फगाडी

तरुण मंडळी विचारतात, हलके रोलर, कडक स्प्रिंग असलेलं किट टाकलं तर पिकअप वाढतो का? वाढतो. पण ताकद वाढत नाही. हलके रोलर उशिरा दाबतात, म्हणून इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं. निघताना गाडी चपळ वाटते, पण पेट्रोल जास्त जातं. मागची स्प्रिंग कडक टाकली तर बेल्टवरचा दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. कडक क्लच स्प्रिंग असेल तर क्लच उशिरा, जास्त फेऱ्यांवर पकडतो, आणि गर्दीत हळूहळू चालवताना तो तापतो.

कश्मीरला गेलेल्यांपैकी बरेच जण गुलमर्गला बर्फावरच्या गाडीवर बसून आलेत, स्नोमोबाईलवर. तिच्यातही हेच यंत्र असतं. दोन पुल्या, रबरी बेल्ट, वजनं, स्प्रिंग. तिकडच्या शर्यतीवाल्यांसाठी असे हलके-जड वजनांचे संच आणि स्प्रिंगा रीतसर विकल्या जातात, कारण बर्फाची खोली आणि उंची बदलली की त्यांना जुळणी बदलावी लागते. शिवाय त्यांच्या यंत्रात पुढे एक साखळीची पेटी असते. तिच्या जागी दात्यांचा बेल्ट बसवायचंही किट मिळतं, म्हणजे वजन कमी होतं आणि तेल लागत नाही. तो बेल्ट वेगळ्या जातीचा, दात्यांत अडकून ओढणारा. काही इलेक्ट्रिक स्कूटरना मागच्या चाकावर असतो तसा.

आपल्या गाडीचं काम काय? सपाट मुलूख, चाळीस-पन्नासचा वेग, दोन माणसं, एक पिशवी. त्यासाठी कारखान्याने केलेली जुळणीच बरी. शर्यतीच्या किटचे पैसे वाचवा आणि त्यात चांगला बेल्ट आणि रोलर घ्या.

(२३:००) बसवताना समोर उभे राहा

चांगला बेल्टही चुकीचा बसवला तर तुटतो. मिस्त्री काम करत असताना चार गोष्टी बघा. आपल्याला काम येत नसलं तरी बघता येतं.

एक. बेल्टला आणि ताटल्यांच्या आतल्या बाजूंना तेल-ग्रीसचा हात लागू नये. लागला तर स्वच्छ पुसायला सांगा. मागच्या सीलमधून गिअर ऑइल गळत असेल तर आधी सील, मग बेल्ट.

दोन. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

तीन, आणि ही सगळ्यात मोठी. बेल्ट टाकताना मागची पुली दाबून उघडायची आणि बेल्ट तिच्यात खोल सारायचा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट ताटली आणि मधल्या नळीच्या तोंडात चिमटतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण घट्ट बेल्टवर झालेला असतो. गाडी थोडी चालली की बेल्ट जागेवर येतो आणि नट सैल पडतो. मग ताटलीचे आणि दांड्याचे खाचे जातात, ते बेल्टपेक्षा कितीतरी महाग.

चार. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. हातोडीने ठोकून नाही.

पेटी उघडलीच आहे तर आतली काळी भुकटी ब्रशने साफ करून घ्या. पुढच्या ताटलीला पंख्यासारखी पाती असतात, तीच आत हवा खेळवतात. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत कोंडा आणि धूळ, कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यांवर माती. हवेचा रस्ता बुजला की बेल्ट शिजतो.

(२७:१५) तुमचे प्रश्न

बेल्ट कधी बदलायचा? बऱ्याच ११० ते १२५ सीसी गाड्यांना साधारण २० ते २५ हजार किलोमीटरच्या आसपास. तुमचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे, तो पाळा. पण त्याआधीही दर सर्व्हिसिंगला पेटी उघडून पाहायला सांगा. दात्यांच्या बुडाशी भेगा, कडेला सुटलेले दोरे, चकाकी किंवा कमी झालेली रुंदी दिसली तर किलोमीटर मोजत बसू नका.

तुटण्याआधी कळतं का? बहुतेकदा कळतं. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. सकाळी निघताना किंचाळी येते. एका ठराविक वेगाला धडधड जाणवते. वहिनींनी आठवडाभर आधी मला सांगितलं होतं, "गाडी जरा ओढत नाही." मी म्हणालो होतो, "नवा बेल्ट आहे, काही नाही." ही माझी दुसरी चूक.

नाल्याच्या पाण्यातून गाडी नेली तर? पेटीत पाणी गेलं की बेल्ट घसरतो. रेस वाढवून ओढू नका, घसरताना कडा जळतात. सुरक्षित जागी थांबा, थोडा वेळ द्या, मग हळूहळू चालवा. गढूळ पाणी असेल तर लवकरात लवकर पेटी उघडून साफ करा.

रस्त्यात तुटलाच तर? ओढू नका, रेस देऊन बघू नका. तुकडे मागच्या क्लचभोवती गुंडाळले तर चाक जड होऊ शकतं. इंजिन बंद करा, गाडी रस्त्याच्या पार बाहेर घ्या, मागचा दिवा दिसेल असं करा. आणि घरी फोन करा. ढकलत अंधारात चालू नका. सोबत लेकरू असेल तर अजिबात नाही.

(३०:४०) शेवटचं

वहिनींच्या गाडीला शेवटी पुढची ताटली, रोलर, सरकपट्ट्या आणि पार्ट नंबर जुळवून बेल्ट टाकला. क्लच शू जुनेच ठेवले, ते चांगले होते. आधीच्या 'स्वस्त' किटपेक्षा थोडे जास्त पैसे गेले. पण आधीच्या किटचे पैसेही गेलेच होते, ते धरले तर मीच महागात पडलो. जुना तुटका बेल्ट मी घरी खिळ्याला टांगून ठेवला आहे. पुतण्या येता-जाता त्याला हात लावतो आणि विचारतो, "काका, आता नाही ना तुटणार?" मी त्याला सांगितलंय, दर सर्व्हिसिंगला तू आणि मी मिळून पेटी उघडून बघायची. दिवाळीआधी आमची पहिली पाळी झाली. त्याने पुलीवर बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत होती.

तुमच्या गाडीचा बेल्ट किती किलोमीटर टिकला, कोणत्या गाडीचा, ते कळवा. पुढच्या भागात मागच्या ब्रेकचे शू आणि पावसातली त्यांची चिडचिड यावर बोलू. तोवर सांभाळून चालवा. राम राम.